माझ्या आईनं उठवलेले पंच

आमच्या वावराचा खटला ज्या कोर्टात चालला, तिथं पंच म्हणून बसायला लायक असलेल्या माणसांची एक यादी भिंतीला लावलेली होती. ती मी स्वतः वाचली. वरून खाली वाचली, मग पुन्हा खालून वर वाचली. यादीत वतनदार होते, बागाईतदार होते, पेठेतले व्यापारी होते, पेन्शनीत निघालेले कारकून होते. मेंढरं वळणारा एकही नव्हता आणि बाई तर नव्हतीच. बाईला बसवायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय म्हणे. मला तेव्हा राग आला होता. आता ऐंशी ओलांडली तरी तो गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

हे पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी घडलं. निजामाचं राज्य जाऊन कोर्टात नवा कायदा आला होता. मोठ्या गुन्ह्याचा खटला उभा राहिला की न्यायाधीशाच्या शेजारी तीन-चार माणसं बसवत. कागदावर त्यांना असेसर म्हणत, आमच्याकडं सरळ पंच म्हणत. त्यांनी सगळं ऐकायचं आणि शेवटी एकेकानं उठून सांगायचं, मला हा माणूस गुन्हेगार वाटतो किंवा वाटत नाही. निकाल न्यायाधीशच द्यायचा, पंचांचं ऐकलंच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नव्हतं. थोड्याच वर्षांत ही पद्धत बंद झाली. आता तरुण वकिलांना ती सांगितली तर ते माझ्याकडं संशयानं बघतात.

माझा बाप मेंढरांमागं फिरून थकला तेव्हा त्यानं पाचोडपासून दोन कोसांवर चार एकर खडकाळ रान घेतलं. गोटे वेचून वेचून त्याचं वावर केलं, विहीर पाडली, विहिरीला पाणी लागलं आणि वर्षाच्या आत तो गेला. मागं राहिलो मी आणि माय. वावर मायच्या नावावर झालं. पण नुसत्या चार एकरांवर आमचं भागत नव्हतं, म्हणून वावर अर्धलीनं, म्हणजे निम्म्या पिकावर, लावून आम्ही दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचो आणि पावसाच्या तोंडाला परत यायचो. अशाच एका खेपेला परत आलो तर आमच्या वावरात दुसऱ्याच्याच बैलांचा नांगर चालू होता.

बैल गावच्या मालकांचे होते. मालकांच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नसे. त्यांनी शांतपणे कागद पुढं केला. मायनं ते वावर त्यांना विकलं होतं म्हणे, आणि तेही दोन वर्षांपूर्वी. खाली अंगठा होता. त्या तारखेला माय माझ्यासोबत बीडच्या पलीकडं मेंढरं चारत होती. पदर ओढलेली दुसरीच कोणी बाई उभी करून तिचा अंगठा उठवला होता, आणि दोन वर्षं आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मायनं वावराच्या बांधावर उभं राहून मालकांना ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही. मालक हसले. म्हणाले, "कोर्टात जा." त्यांना वाटलं होतं, धनगराची विधवा बाई कोर्टात कशाची जातेय. ते चुकले. तिला कोर्ट कुठं आहे हे माहीत नव्हतं, पण कोणीतरी 'जा' म्हणून हिणवलं की ती जाणारच, हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही सांगता आलं असतं.

फिर्याद लिहून दिली गुरुजींनी. शेजारच्या गावात त्यांची स्वतःची छोटी शाळा होती आणि सहा एकर कोरडवाहू. आमचा कळप त्यांच्या वावरात उतरला की ते मला बोलावून पाटीवर अक्षरं गिरवून घेत. दरवर्षी पंधरा-वीस दिवस असं करत करत मी चौथीपर्यंत पोचले. आमच्या सगळ्या भावकीत तेव्हा लिहिता-वाचता येणारी मी एकटी. गुरुजींनी स्वतःच्या हातानं फिर्याद लिहिली, पोलिसांत नेऊन दिली, आणि तपास दोनदा थंडावला तेव्हा दोनदा जाऊन आठवण दिली. त्यांच्याशिवाय हा खटला उभाच राहिला नसता.

खटल्याची तारीख लागली तेव्हा मी अठराची होते. शहरात उस्मानपुऱ्यात मायच्या मावसभावाची घोंगड्या ठेवायची खोली होती, तिथं आम्ही उतरलो. सकाळी आता ज्याला क्रांती चौक म्हणतात तिथून चालत कोर्टात गेलो. मायनं निघताना पायातल्या वहाणा दगडावर घासून स्वच्छ केल्या. मी म्हटलं, "वहाणांकडं कोण बघतंय?" ती म्हणाली, "त्यांचं बघणं खालपासनंच चालू होतंय."

सरकारी वकील आमच्या बाजूचे. तरुण होते, घाईत असत. त्यांनी आम्हाला दारापाशी थांबवलं, कारण माय साक्षीदार होती आणि साक्षीदारानं आपली पाळी येईपर्यंत बाहेरच राहायचं असतं. "आज फक्त पंच निवडायचेत," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. तुम्ही गप्प उभ्या राहा."

न्यायाधीश हैदराबादकडचे होते. मराठी त्यांना समजायची, बोलताना मात्र उर्दूच तोंडात यायचं, आणि अडलं तर पेशकार, म्हणजे कोर्टाचा कारकून, मराठीत सांगायचा. बोलावलेली सहा माणसं बाकावर बसली होती. न्यायाधीशांनी एकेकाला उभं करून तोच प्रश्न विचारला. मुलजिमाशी, म्हणजे आरोपीशी, तुमचं नातं आहे का, फिर्यादी बाईशी आहे का, दोघांपैकी कोणाशी दुश्मनी आहे का. प्रत्येक जण "नाही साहेब" म्हणून बसत होता.

पहिला उभा राहिला तो जालन्याच्या रस्त्यावरचा एक बागाईतदार. पांढरा फेटा, हातात घडीचा रुमाल. "नाही साहेब." दुसरा पैठणकडचा, गळ्यात तुळशीमाळ. "नाही साहेब." तिसरे आमचे गुरुजी. मला इतका आनंद झाला की मी मायचा दंड दाबला. त्यांचं नाव यादीत होतं आणि नेमकं याच खटल्याला निघालं होतं. गुरुजींनी खाली बघत सांगितलं, "नाही साहेब." मग शहरातले दोघं, एक कापडवाला आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेला. शेवटचा पाचोडचा एक शेतकरी, त्याच्याविषयी पुढं सांगते. तोही "नाही" म्हणाला.

न्यायाधीशांनी लेखणी उचलली आणि पहिल्या चौघांची नावं लिहायला घेतली. तेवढ्यात माझ्या शेजारून मायचा आवाज आला.

"साहेब, हे खोटं हाय."

आता ती काय सांगणार होती ते कळायला मेंढरांची एक रीत सांगावी लागेल. उन्हाळ्यात मोकळ्या वावरात दोरीच्या जाळीचं कुंपण घालून आमची मेंढरं रात्रभर बसवतात. लेंडीमुताचं खत पडतं, पुढचं पीक जोमानं येतं. त्याबद्दल वावरवाला आम्हाला ज्वारी देतो. अशी आमची मेंढरं पैठणपासून अंबडपर्यंत शंभर घरच्या वावरांत बसलेली. एका वावरात आठ दिवस मुक्काम पडला की त्या घरातलं सगळं कळतं. कोणाचे बैल कोणाच्या औताला येतात, कोणाच्या लग्नाचा मांडव कोण घालतं, भाकरी घेऊन आलेली सून कुठल्या गावची, कोण कोणाचं नाव निघालं की थुंकतं. मोठ्या लोकांना वाटतं, मेंढक्याला मेंढराशिवाय काही दिसत नाही. म्हणून ते आमच्यासमोर सगळं बोलतात.

शिपाई मायच्या अंगावर धावून आला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं आणि मायला दारातून दोन पावलं आत यायला सांगितलं. मालकांचे वकील ताडकन उभे राहिले. काळा कोट, चांदीची साखळी. ते म्हणाले, असेसरवर हरकत घ्यायचा हक्क कायद्यानं कोणालाच दिलेला नाही, आणि ही तर साधी साक्षीदार. न्यायाधीश म्हणाले, "हरकत मी ऐकत नाही. पण निवडायचे मला आहेत. कोण कसा आहे ते विचारायला मला कुठली मनाई?" मग मायकडं वळून, "बोलो बाई. कौन झूठ बोला?"

मायनं सरळ बोट केलं नाही. हनुवटीनं दाखवलं. "ह्या फेट्यावाल्यांच्या वावरात मपली मेंढरं दोन साल बसली. त्यांनी मला ज्वारी दिली नाय."

"ज्वारी दिली नाही म्हणून तक्रार आहे?" वकिलांनी हसत विचारलं.

"तक्रार कशाची? ज्वारी मालकांनी दिली. मालकांची लेक ह्यांच्या थोरल्या भावाच्या घरात दिलीया. लेकीच्या सासरला खत पडावं म्हून मालकांनी आपल्या कणगीतली ज्वारी मला मोजली आन मेंढरं तिकडं धाडली. साडीचोळीचा आहेर सगळेच करतेत. मालकांनी मेंढरांचा केला."

फेटेवाले उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी पकडली गेल्याचा भाव नव्हता, खरंच आश्चर्य होतं. ते म्हणाले, भाऊ वेगळा राहतो, चूल वेगळी आहे, वाटणी होऊन सात वर्षं झाली, मग माझं नातं कसं? आमच्याकडं चूल वेगळी झाली की माणसं असंच धरतात. फक्त वावर एकाच बांधाचं राहतं, आणि मालकांनी धाडलेल्या मेंढरांचं खत दोघांच्या वावरात पडलं होतं. न्यायाधीशांनी पेशकाराकडून हे दोनदा समजून घेतलं आणि फेटेवाल्यांना बसायला सांगितलं. पुढच्या बाकावर नव्हे, मागं.

"और?"

"हे माळकरी. ह्यांची आन मालकांची सावड हाय."

"सावड क्या होती है?"

पेशकार शहरातला होता, त्यालाही नीट सांगता येईना. मग मायनंच सांगितलं. ह्याची बैलजोडी त्याच्या पेरणीला जाते, त्याची ह्याच्या पेरणीला येते. पैसा नाही, कागद नाही. वर्षानुवर्षं चालतं. "मिरगाचं पाणी पडलं की वापसा, पेरणीजोगी वल, चार दिस राहतोय साहेब. त्या चार दिसांत मालकांचे बैल आले नायत तर ह्यांचं वावर पडीक राहील. मग हे मालकांना गुन्हेगार कसं म्हनतील?"

मालकांचे वकील म्हणाले, याला नातं म्हणत नाहीत. माय म्हणाली, "नात्यातल्या मानसाबिगर पेरणी होतीय. सावडीबिगर होत नाय."

मागं कोणीतरी हसलं. माळकरी मात्र हसले नाहीत. ते स्वतःच उठले आणि म्हणाले, "बाई खरं बोलती. मला ह्यातलं काही सुचलंच नव्हतं." आणि मागं जाऊन बसले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

मी दारात उभी होते आणि माझी छाती फुगली होती. दोघं गेले, दोघंही त्यांचे. आता गुरुजी बसणार, शहरातले दोघं बसणार. सरकारी वकीलही खूष होते, मायकडं बघून मान हलवत होते. मी मनात म्हटलं, माय, आता बास. आता बाहेर ये.

"आन हे गुरुजी," माय म्हणाली.

मी तिचा पदर ओढला. अगदी लहान मुलीसारखा जोरात ओढला. तिनं मागं न बघता माझा हात झटकला.

"गुरुजींच्या वावरातबी मपली मेंढरं बसत्यात. त्यांच्याकडून म्या दाणा घेत नाय, कारण त्यांनी ह्या पोरीला शिकवलं. आन ही फिर्याद त्यांच्याच हातची हाय. कागद बगा, अक्षर मिळवून बगा. ते मालकांना कवाच सोडणार नायत."

सगळं कोर्ट गुरुजींकडं बघायला लागलं. ते उभे राहिले.   दोन वर्षं आमच्यासाठी चपला झिजवलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला तो आमच्यासाठी, आणि ते खोटं ज्यांच्यासाठी, त्यांनीच भर कोर्टात उघडं पाडलं. त्यांचे कान लाल झाले होते. न्यायाधीश त्यांना फक्त एवढंच म्हणाले, "मास्टरसाहब, आप भी?" गुरुजी मागच्या बाकावर बसले नाहीत. आमच्या अंगावरून बाहेर गेले. जाताना मायला हळू आवाजात म्हणाले, "बाई, निदान मला आधी सांगायचं होतंत." माय म्हणाली, "तुमीबी आधी विचारलं नाय." मला त्या क्षणी मायचा जितका तिरस्कार वाटला तितका मालकांचाही कधी वाटला नव्हता.

आता पंच कमीत कमी तीन पाहिजेत, आणि उरले होते नेमके तीन. शहरातले दोघं आणि पाचोडचा शेतकरी. सरकारी वकिलांनी घाईघाईनं उठून सांगितलं की या शेतकऱ्याची फिर्यादी बाईशी उघड दुश्मनी आहे, त्याला घेऊ नये, दुसरी तारीख द्यावी. ते खरं होतं. आदल्याच वर्षी आमची मेंढरं त्याच्या शाळूत शिरली होती, आणि त्यानं सगळा कळप हाकलून कोंडवाड्यात, म्हणजे मोकाट जनावरं कोंडायच्या सरकारी वाड्यात नेऊन घातला होता. तीन दिवस मेंढरं उपाशी. दोन कोकरं मेली. मायनं पाचोडच्या भर बाजारात त्याला जे नाही ते ऐकवलं होतं आणि त्यानंही काही बाकी ठेवलं नव्हतं. या माणसानं न्यायाधीशांना सांगितलं होतं, दुश्मनी नाही.

न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "बाईशी भांडण आहे?"

"भांडण हाय साहेब," तो म्हणाला. "दुश्मनी नाय. बांधाला बांध लागला की भांडण व्हतंच."

न्यायाधीश मायकडं वळले. "इसको भी हटाना है?"

मी मनात देवाला म्हटलं, आता तरी हो म्हण. हा माणूस उठला की पंच पुरे पडणार नाहीत, नवी तारीख पडेल, नवी माणसं येतील, कदाचित सगळं पुन्हा नीट होईल.

मायनं त्या माणसाला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ह्यांनी मपली कोकरं मारली, पन दिवसाउजेडी, मला हाक मारून. मालकांच्या ओसरीवर म्या ह्यांना कवा बगितलं नाय. आन माझ्या दारातबी नाय."

मालकांच्या वकिलांना काय, त्यांना हर्ष झाला. त्यांची अजिबात हरकत नव्हती. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला आणि बाहेर आल्यावर मायला झापलं. "पंचांच्या मतानं निकाल बदलत नाही बाई. कशाला एवढा गोंधळ घातलात?"

माय म्हणाली, "बदलत नसंल तर त्यांना बसवतेत कशाला?"

ते कागद काखेत मारून निघून गेले.  त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. उस्मानपुऱ्याच्या खोलीवर तिनं भाकरी थापली ती मी खाल्ली नाही. मी तिला म्हटलं, "आपलं एकच मानूस होतं. तुला तेबी बघवलं नाय." ती म्हणाली, "आपलं होतं म्हून तर." मी म्हटलं, "हे लोकं न्यायानं वागतेत व्हय आपल्याशी? यादीत आपल्यातलं एक नाव नाय. आपनच का न्यायानं वागायचं?"  ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. मी हे भांडण त्या दिवशी जिंकले असं मला वाटलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बरीच वर्षं वाटत राहिलं.

खटला आठ दिवस चालला. मायचा अंगठा कोर्टात पुन्हा घेतला. तज्ज्ञानं भिंगातून बघून सांगितलं, कागदावरचा अंगठा हिचा नाही. मालकांच्या वकिलांनी तज्ज्ञाला बराच हलवला. भिंग जुनं आहे, शाई पसरली आहे, बाईच्या अंगठ्याला मेंढरं कातरून घट्टे पडलेत, असं सगळं काढलं. मायची साक्ष दीड दिवस झाली. तिनं मालकांच्या वकिलांना घाम फोडला आणि वकिलांनी तिलाही फोडला. आमच्या बाजूनं गुरुजींची साक्ष झाली, कारण आता ते पंच नव्हते. ते सरळ, स्वच्छ बोलले. मायकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

शेवटच्या दिवशी पंचांना मत विचारलं. रेल्वेवाले म्हणाले, गुन्हेगार. कापडवाले म्हणाले, गुन्हेगार. मग पाचोडचा शेतकरी उठला. हातातली टोपी फिरवत म्हणाला, "साहेब, मला पटत नाय. जी बाई भर कोर्टात तीन मानसं उठवती, जिला शंभर घरचं म्हाईत, तिला आपल्या वावराचा कागद झाला हे दोन साल कळलं नाय? मला शंका येती. मपल्या मते गुन्हा शाबीत नाय."

 ज्या धीटपणाबद्दल कोर्टाबाहेर बसणारी माणसं कालपर्यंत मायला नावाजत होती, तोच त्यानं तिच्यावर उलटवला होता. मी मायकडं बघितलं. तिचा चेहरा दगडासारखा होता. मला वाटलं, गेलं. वावर गेलं, आणि ते हिनंच घालवलं.

न्यायाधीशांनी निकाल तीन दिवसांनी दिला. मालक दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. अंगठ्याचा पुरावा न्यायाधीशांनी मानला, आणि शंका घेणाऱ्या पंचांचं मतही निकालात नीट लिहून ते का मान्य नाही याची कारणं दिली. सरकारी वकिलांनी ती मला वाचून दाखवली. त्या निकालाच्या जोरावर पुढं दिवाणीत कागद रद्द झाला आणि वावर मायच्या ताब्यात आलं. विहिरीचं पाणी तिनं ओंजळीनं प्यायलं. रडली नाही. मीच रडले, आनंदानं आणि रागानं दोन्ही.

गुरुजी दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत. मेंढरं त्यांच्या वावरात बसायची, माय न सांगता बसवायची, आणि ते सकाळी तोंड फिरवून शाळेत जायचे. पुढं मला मास्तरीणबाई व्हायचं होतं तेव्हा ट्रेनिंगचा अर्ज मात्र त्यांनीच भरून दिला. मायचं त्यांच्याशी काय बोलणं झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

आणि आता पाचोडच्या बाजाराचं.

मालक सुटून आले त्या साली त्यांच्या पोरानं बाजारात मायला गाठलं. माय लोकर विकत होती, मी सुट्टीत घरी आले होते म्हणून सोबत होते. पोरगा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायला लागला. हिनं पंच आपले बसवले, हिनं कोर्ट फितवलं, धनगराच्या बाईनं आमच्या बापाला खोट्यानं आत घातलं. बघता बघता कोंडाळं जमलं. मला माहीत होतं अशा वेळी काय होतं. गर्दी ऐकून घेते, घरी जाते, आणि दुसऱ्या बाजारापर्यंत ते खरं झालेलं असतं. मी पुढं होऊन बोलणार होते, पण माझं कोणी ऐकलं असतं? मी तिचीच पोर.

कोंडाळ्यातून तो शेतकरी पुढं आला. हातात बैलाचा कासरा होता. त्यानं पोराला विचारलं, "कोणते पंच रे?"

"सगळे हिचेच."

"त्यात म्या व्हतो. म्या हिच्या इरुद्ध बोललो, तुझ्या बापाच्या बाजूनं बोललो. मला हिनंच बसवलं व्हतं, आन हिचा गुरुजी हिनंच उठवला. आता बोल."

पोरगा गर्दीतून मागं सरला. लोक एकमेकांकडं बघत पांगले. त्या शेतकऱ्यानं मायकडं बघितलंसुद्धा नाही, बैल घेऊन चालता झाला. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या चार एकरांबद्दल आमच्या भागात कोणी वाकडा शब्द काढलेला नाही. गुरुजी पंच म्हणून बसले असते तर तेच वावर आम्हाला मिळालं असतं, आणि आयुष्यभर चोरीचं म्हणून ओळखलं गेलं असतं.

हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं. माय लोकर तोलत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, बहुतेक मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी नजर दुसरीकडं वळवली. मी तिची पोर, माघार मलाही येत नाही. तिचं बरोबर होतं हे मी तिला ती असेपर्यंत सांगितलं नाही.